धडधड थांबली, तरी ईसीजी काढून घ्या

नागोठणे, वरवठणे, ऐनघर, वाकण, शिहू, बेणसे आणि आसपासच्या सगळ्या वाड्या-पाड्यांतल्या मायबापांनो, भावांनो, बहिणींनो,

तुमच्या घरात कुणाला अचानक छातीत धडधड होते का? धावल्यावर, जिना चढल्यावर होते ती सोडून द्या. ती सगळ्यांनाच होते. मी म्हणतो ती वेगळी. भात लावायला वाकलं, पोतं उचललं किंवा नुसतं ओटीवर बसलं असताना एका क्षणात सुरू होते. नाडी मोजता येत नाही इतकी भरभर चालते. दहा मिनिटं, अर्धा तास, कधी दोन तास. आणि मग एका क्षणात बंद.

असं कुणाला होत असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

अशा वेळी घरात काय बोललं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. गॅस झाला. टेन्शन घेतलंस. रक्त कमी आहे. उपास झेपला नाही. नजर लागली. मग लिंबूपाणी होतं, ओवा चावून होतो, मीठ-मोहरी ओवाळून होते. तेवढ्यात धडधड थांबते. सगळ्यांना वाटतं, उतारा लागू पडला.

ती थांबायचीच होती. तिच्यामागचं कारण जिथल्या तिथे राहिलेलं असतं. महिन्याने, वर्षाने ती पुन्हा येते.

मला तुम्हाला एवढंच पटवून द्यायचं आहे. धडधड थांबली म्हणजे आजार गेला असं समजू नका. एकदा ईसीजी काढा. एकदा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. या दुखण्यावर आज पक्का उपाय आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आहे.

आत नेमकं काय असतं

खारेपाटातल्या माणसाला हे समजणं सोपं आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये बांध असतो. पाण्याने जायचं ते उघाडीतूनच. हृदयातही तसंच आहे. वर दोन कप्पे, खाली दोन कप्पे. मध्ये बांध. ठोका पडण्यासाठी वरून विजेचा एक बारीक इशारा निघतो. तो बांध ओलांडून खाली जायला एकच उघाडी असते. तिथे तो क्षणभर अडतो, मग खाली जातो. म्हणून ठोके शिस्तीत पडतात.

काही माणसांच्या या बांधाला जन्मापासून एक खांड असते. केसाएवढा एखादा धागा मध्ये राहून गेलेला असतो. इशाऱ्याला जायला दुसरी वाट मिळते. कधीतरी इशारा उघाडीतून खाली उतरतो, खांडीतून परत वर येतो, पुन्हा खाली उतरतो. असा गोल गोल फिरत राहतो. मग ठोके मिनिटाला दीडशे, दोनशे, कधी त्याहूनही जास्त पडतात. हीच ती धडधड.

डॉक्टर या खांडीला ॲक्सेसरी पाथवे म्हणतात. ईसीजीच्या कागदावर डब्ल्यूपीडब्ल्यू, प्री-एक्सायटेशन किंवा डेल्टा वेव्ह असं लिहिलेलं असतं. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी १९३० साली अशा ११ रुग्णांची माहिती एकत्र छापली. त्यांच्या नावांवरून डब्ल्यूपीडब्ल्यू हे नाव पडलं. ते रुग्ण बहुतेक तरुण आणि एरवी धडधाकट होते. आजही हे दुखणं तसंच धडधाकट माणसांत सापडतं.

हजार माणसांत एक ते तीन जणांच्या ईसीजीत ही खांड दिसते. म्हणजे दोन-तीन हजारांच्या गावात असे चार-पाच जण सहज असू शकतात. त्यांतल्या काहींना स्वतःलाच ते माहीत नसतं.

यात तुमचा काही दोष नाही. खाण्यापिण्याने हे होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कुणी काही केल्यानेही होत नाही.

दुर्लक्ष केलं तर पुढे काय होतं

घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण घरातल्या कर्त्या माणसाला हे माहीत असायला हवं.

पहिली गोष्ट. धडधड पुन्हा पुन्हा येऊ लागते. माणूस बिचकतो. बाई एकटी बाजाराला जायची बंद होते. मुलगा मैदानावर जायचा बंद होतो. कामावर खाडे पडतात. शरीराआधी मनच खचतं.

दुसरी गोष्ट. ठोके फार जोरात पडले की मेंदूला रक्त पुरत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. घरात कोसळला तर कोणीतरी उचलेल. मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकल चालवताना, नारळाच्या झाडावर असताना किंवा अंबा नदीत पोहताना कोसळला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वयानुसार किंवा वारंवारच्या धडधडीमुळे कधी हृदयाच्या वरच्या कप्प्यांत नुसता गोंधळ माजतो. तिथून मिनिटाला तीनशेच्या वर इशारे सुटतात, तेही वेडेवाकडे. हे हृदयातलं उधाण. उघाडी शाबूत असते, ती बरेचसे इशारे अडवते. खांड अडवत नाही. ती खुली असेल तर सगळा लोंढा खाली जातो. खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही. अशा वेळी काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

असं किती जणांचं होतं? फार थोड्यांचं. खांड आहे पण कधी त्रास झाला नाही, अशा हजार माणसांना वर्षभर पाहिलं तर साधारण एकावर हा प्रसंग येतो. ज्यांना त्रास होतो, त्यांना धोका याहून जास्त. लहान आणि तरुण वयात तो जास्त. एका वर्षाचा आकडा लहान दिसतो. पण वीस वर्षांच्या मुलापुढे पन्नास वर्षं असतात, आणि धोका दर वर्षी त्याच्या सोबत चालतो. म्हणून वेळेत दाखवायचं.

चौथी गोष्ट. काहींची धडधड दिवसचे दिवस, मध्येमध्ये थांबून पुन्हा सुरू अशी चालू राहते. त्यात हृदयाचा स्नायू थकतो, फुगतो. धाप लागते, पायांना सूज येते. चांगली बातमी अशी, की ठोके ताळ्यावर आणले तर असं थकलेलं हृदय बहुतेक वेळा सावरतं. पण त्यासाठी कारण शोधावं लागतं.

धडधड आली की काय करायचं

एक. हातातलं काम थांबवा. गाडी चालवत असाल तर कडेला घ्या. झाडावर, शिडीवर, होडीत असाल तर आधी सुरक्षित जागी या. बसा किंवा आडवे व्हा. कुणाला तरी जवळ बोलवा.

दोन. घड्याळ बघा. किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघा. ठोके एकसारखे आहेत की वेडेवाकडे, एवढं तरी पाहा.

तीन. डॉक्टरांनी शिकवलं असेल तर फुंकरीचा उपाय करा. मागे टेकून बसायचं. सुईशिवायच्या दहा मिलीच्या सिरिंजच्या तोंडात जोर लावून पंधरा सेकंद फुंकायचं, दट्ट्या जरासा हलेल इतपत. मग लगेच सपाट आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने दोन्ही पाय उचलून पंधरा सेकंद वर धरायचे. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत हे पारखून पाहिलं आणि निकाल २०१५ साली छापला. असे पाय उचलल्यावर शंभरातल्या ४३ जणांचे ठोके ताळ्यावर आले. पाय न उचलता नुसतं फुंकलं त्यांच्यात १७ जणांचे आले. पैशाचा खर्च नाही. पण आधी डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. वेड्यावाकड्या ठोक्यांवर हा उपाय चालत नाही.

चार. डोळे दाबू नका. मान चोळू नका. दुसऱ्याची धडधडीची गोळी उसनी घेऊ नका.

पाच. पंधरा-वीस मिनिटांत थांबली नाही, तर दवाखाना गाठा. चक्कर येते, छाती दुखते, धाप लागते, घाम फुटतो किंवा ठोके वेडेवाकडे आहेत, यांतलं एक जरी असेल तर वीस मिनिटं थांबायचंही नाही. लगेच १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

सहा. दवाखान्यात पोचलात की पहिलं वाक्य हे बोला: "डॉक्टर, धडधड चालू आहे तोवर ईसीजी काढा." धडधड थांबल्यावर काढलेल्या ईसीजीत काही वेळा काहीच सापडत नाही. काही खांडी छुप्या असतात. त्यांतून इशारा फक्त वरच्या दिशेने जातो, म्हणून एरवीच्या ईसीजीत त्या दिसत नाहीत. चालू धडधडीचा एक कागद पुढच्या दहा फेऱ्या वाचवतो.

तो कागद जपा

ईसीजीचा कागद सोन्यासारखा ठेवा. त्यावरची छपाई काही वर्षांत उडते. म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. एक झेरॉक्स घरात ठेवा. मुलाच्या, सुनेच्या, भावाच्या मोबाइलवरही फोटो पाठवून ठेवा.

डॉक्टरांनी खांड आहे असं सांगितलं असेल, तर पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. त्यावर आपलं नाव, घरच्यांचा फोन नंबर आणि आजाराचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. हे का सांगतो? धडधडीवर एरवी दिली जाणारी काही औषधं हृदयात उधाण असताना खांडवाल्या माणसाला घातक ठरतात. व्हेरापामिल, डिल्टियाझेम आणि डिगॉक्सिन ही त्यांतली नावं. डॉक्टरांना हे माहीत असतं. पण तुमच्या हृदयात खांड आहे हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही बेशुद्ध असलात तर ते काम ती चिठ्ठी करेल.

यांतलं एखादं औषध तुम्हाला आधीपासून चालू असेल, तर मनानेच बंद करू नका. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा.

आणखी एक. खांडीमुळे ईसीजी कधी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यासारखाही दिसतो. जुना कागद सोबत असला तर नवा डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघू शकतो. नाहक घबराट टळते.

त्रास नाही, पण ईसीजीत सापडलं त्यांच्यासाठी

आपल्याकडची कितीतरी मुलं सैन्याच्या, पोलिसांच्या भरतीला धावतात. कुणी बोटीवर जातो. कुणी कंपनीत लागतो. तिथल्या वैद्यकीय तपासणीत ईसीजी निघतो आणि त्यात ही खांड सापडते. मुलगा रडकुंडीला येतो, कारण त्याला कधीच काही झालेलं नसतं.

मग कुणीतरी सल्ला देतं, दुसरीकडून चांगला ईसीजी काढून आण. असं करू नका, बाळांनो. कागद बदलून आतली खांड बुजत नाही. उलट जहाजावर, भर समुद्रात त्रास झाला तर डॉक्टर कुठून आणाल?

हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. ते ट्रेडमिलवर चालवून बघतील. गरज वाटली तर पायातल्या शिरेतून बारीक तार घालून खांड किती वेगाने इशारे सोडते ते मोजतील. काहींची खांड दुबळी निघते, त्यांना फार चिंता नसते. काहींची जोरकस निघते, त्यांनी ती बुजवून घ्यावी. तुमची कोणती, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. खांड बुजवल्यावर नोकरीचा प्रश्न पुन्हा मांडता येतो. तेव्हा निराश होऊ नका.

उपाय आहे, आणि तो पक्का आहे

१९६८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक मच्छीमार होता. वय ३२. धडधडीने तो हैराण झाला होता. ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. विल सीली यांनी त्याची छाती उघडून ती वाट कापली. माणूस बरा झाला. जगात हे पहिल्यांदा घडलं, ते एका कोळ्याच्या हृदयावर.

आज छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. खांड नेमकी कुठे आहे ते शोधतात. तारेच्या टोकाला थोडी ऊब देऊन तेवढाच धागा निकामी करतात. याला ॲब्लेशन म्हणतात. १९९१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १६६ रुग्णांची हकिगत छापली. त्यांतल्या १६४ जणांची खांड बुजली होती. तेव्हापासून जगभर हाच पहिला उपाय मानला जातो.

मोठ्या माणसाला बहुधा जागा बधिर करून, थोडं गुंगीचं औषध देऊन हे करतात. दोन-तीन तास लागतात. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. एक-दोन दिवसांत घरी. आठवडाभर जड उचलायचं नाही. टाके नाहीत, छातीवर व्रण नाही.

शंभरातल्या पंच्याण्णवच्या आसपास लोकांना एकदाच करून भागतं. थोड्यांची खांड पुन्हा उघडते, त्यांना दुसऱ्यांदा करावं लागतं. जांघेत रक्त साकळू शकतं. खांड उघाडीला अगदी चिकटून असेल तर उघाडीला इजा होऊन पेसमेकर बसवायची वेळ येऊ शकते. हे क्वचित होतं, पण होऊ शकतं. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: "माझी खांड कुठे आहे? माझ्या बाबतीत धोका किती?" विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.

जायचं कुठे, खर्चाचं काय

आधी आपल्या नागोठण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून रोह्याला, पेणला किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी घेऊन जा. ॲब्लेशनची सोय मोठ्या रुग्णालयात असते. मुंबईत परळचं केईएम हे सरकारी खर्चात होणाऱ्या कामाचं जुनं ठिकाण. नागोठण्याहून रोहा-दिवा गाडी पकडा, दिव्याला बदला, परळला उतरा. सोबत एक माणूस न्या. सगळे जुने कागद न्या.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आज या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जा. ॲब्लेशन या रुग्णालयात योजनेत बसतं का, तारीख कधीची, कोणते कागद लागतील, हे त्याच्याकडून समजून घ्या. रेशन कार्डावर मुलाचं किंवा नव्या सुनेचं नाव चढलेलं नसेल तर ते आजच चढवा. दुखणं आल्यावर तहसील कार्यालयात खेटे घालणं फार जड जातं.

सावकाराकडे जाण्याआधी, दागिना मोडण्याआधी, ही दोन दारं ठोठावा: आरोग्य केंद्र आणि आरोग्यमित्र.

बरं झाल्यावरही एवढं करा

खांड बुजली की बहुतेकांची धडधड कायमची जाते. पण फाइल माळ्यावर टाकू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला जाऊन ईसीजी काढा. पुन्हा तशीच धडधड वाटली तर लगेच दाखवा.

आणि वय वाढेल तशी नाडी तपासत राहा. ज्यांना खांड होती, त्यांच्यापैकी काहींना ती बुजवल्यावरही पुढे वरच्या कप्प्यांतला तो गोंधळ होऊ शकतो. विशेषतः ज्यांनी वय झाल्यावर उपचार घेतले त्यांना. खांड नसल्याने आता त्यात पूर्वीसारखा अचानक जीव जात नाही. पण वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर लकवा मारतो. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर अर्धा मिनिट नाडी बघा. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढा.

रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. दारू सोडा. दारूने हा गोंधळ हमखास वाढतो. तंबाखू आणि मिसरी सोडा.

उपचार होईपर्यंतची पथ्यं

एकट्याने नदीत, खाडीत, विहिरीत उतरू नका. नारळ-सुपारीवर चढू नका. दहीहंडीच्या थरात चढू नका. कंपनीत उंचावरचं काम असेल तर साहेबांना खरं सांगून खालचं काम मागा. ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी चालवू नये. एक दिवसाची रोजी गेली तरी चालेल.

उपास करा, पण पाणी प्या. निर्जळी उपास नको. देव रागावत नाही. उन्हात लावणी-कापणी करताना पाणी सोबत ठेवा. ताकद यावी म्हणून डब्यातली एनर्जी ड्रिंक पिऊ नका. सर्दी-खोकल्याचं औषध दुकानातून मनाने आणू नका, काहींनी ठोके वाढतात. रात्रपाळी असेल तर दिवसाची झोप पुरी करा.

लेकरं, गरोदर बाया आणि लग्नाचं वय

तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. ते दूध ओढत नाही, पांढरं पडतं, घामेजतं, भराभर श्वास घेतं, मलूल पडून राहतं. असं दिसलं तर आधी दवाखाना, मग बाकी सगळं. मोठं मूल "छातीत काहीतरी पळतंय" म्हणेल, खेळता खेळता खाली बसेल. त्याला नाटकी म्हणू नका. शिक्षकांनो, खेळताना किंवा धावताना एखादं मूल चक्कर येऊन पडलं, तर आईवडिलांना बोलावून ईसीजी काढायला सांगा. शाळेत तपासणीचं पथक येईल तेव्हा त्यांच्याही कानावर घाला.

गरोदरपणात धडधड वाढू शकते. तपासणीच्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांना खांडीबद्दल सांगा. मूल हवं असेल आणि त्रास होत असेल, तर आधी खांड बुजवून घेणं चांगलं.

बायांच्या धडधडीला टेन्शन म्हणण्याची सवय घरातही आहे आणि काही दवाखान्यांतही. सासवांनो, नवऱ्यांनो, तुम्ही तरी तसं म्हणू नका. ती सांगते ते खरं माना. एक ईसीजी काढायला तिच्यासोबत जा.

आणि लग्न जमवताना हे लपवू नका. लपवलं की औषधही लपवावं लागतं, मग तपासणीही. खांड बुजवलेली मुलगी इतर मुलींसारखीच संसार करते, शेतात राबते, बाळंत होते. मुलाचंही तेच. ज्या घरात हे नीट समजून घेतलं जाईल, तेच घर चांगलं.

घरात एकाला खांड सापडली, तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धडधड किंवा चक्कर होते का ते विचारा. त्यांचाही एकेक ईसीजी काढून घेतलेला बरा. क्वचित हे घराण्यात चालतं.

कुणी समोर कोसळलं तर

हलवून हाक मारा. उत्तर नाही, नीट श्वास नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, दोन इंच खोल. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर दुसऱ्याने घ्यावं. कांदा हुंगवणं, पायताण हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं यात वेळ घालवू नका. पाणी छातीत जाऊन घात होतो.

गणेश मंडळं, महिला बचत गट, क्रिकेटचे संघ आणि कंपन्यांतले कामगार, सगळ्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा आणि हे दाबणं प्रत्यक्ष शिकून घ्या. महामार्गावर वाहतूक तुंबली की १०८ ला पोचायला वेळ लागतो. तोवर त्या माणसाला जगवणारे हात तुमचेच असतील.

या आठवड्यात एवढं करा

रात्री जेवायला सगळे एकत्र बसाल तेव्हा विचारा: "कुणाला अशी अचानक धडधड होते का? कधी चक्कर येऊन पडलात का?" म्हातारीपासून नातवापर्यंत सगळ्यांना विचारा. कुणी हो म्हटलं तर रागावू नका, हसू नका.

ज्याने हो म्हटलं, त्याचा ईसीजी या आठवड्यात काढा. त्याचा फोटो मोबाइलवर ठेवा. कागदावर डब्ल्यूपीडब्ल्यू, प्री-एक्सायटेशन किंवा डेल्टा असं काही निघालं, तर हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि रेशन कार्ड शोधून ठेवा. कागदावर काही निघालं नाही पण धडधड येतच राहिली, तर पुढच्या वेळी ती चालू असतानाच दवाखाना गाठा.

ज्याला यातलं काही झेपत नसेल, त्याच्यासोबत शेजाऱ्याने जावं. आशाताईंना सांगावं. एकट्या म्हाताऱ्याला, एकट्या बाईला मुंबईचं रुग्णालय अवघड वाटतं आणि त्या भीतीपायीच दुखणं घरात राहतं. तुम्ही एक दिवस काढून सोबत गेलात, तर त्यांचा पुढचा सगळा जन्म निर्धास्त जाईल.